दोन एकरांत दोन घोडे: गवताची जागा वेगळी, घोड्यांची वेगळी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: जमीन दोन एकर. त्यातल्या अर्ध्या एकरात घर, भाजीपाला, काही शेळ्या आणि कोंबड्या. उरलेल्या दीड एकरात मध्यम बांध्याचे दोन घोडे ठेवायचेत. अधूनमधून रपेट, जमलं तर हलकं ओढकाम आणि भाज्यांना खत, एवढीच अपेक्षा. घोड्यांवर अन्याय होऊ नये आणि जमिनीचंही वाटोळं होऊ नये, यासाठी काय करावं?

हे जमण्यासारखं आहे. मात्र दीड एकर जमीन दोन घोड्यांना पोसेल, ही आशा आजच सोडून द्या. चांगली माती, पुरेसा ओलावा आणि नीट निगा असेल तर एका घोड्यामागे साधारण एक ते दोन एकर कुरण लागतं. कोरड्या भागात याच्या कितीतरी पट. तुमची जमीन घोड्यांना फिरायला जागा देईल, सावली देईल, रोज काही तास ताजं गवत देईल. पोट भरणारी वैरण बाहेरूनच आणावी लागेल. त्यामुळे हिशेब वैरणीपासून सुरू करा.

400 किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे आठ किलो कोरडा चारा लागतो. सुक्या गवतातही थोडं पाणी असतं आणि थोडी नासाडी होतेच. म्हणून एका घोड्याला दहा किलो सुकं गवत धरा. दोघांचं दिवसाला वीस किलो, वर्षाला सात टनांच्या वर. चराईमुळे यातलं काही वाचेल, पण ती बचत कागदावर आधीच मांडू नका. एवढं गवत कुठून येणार, कोरडं कुठे राहणार आणि एखाद्या वर्षी मिळालंच नाही तर काय, याची उत्तरं हातात असतील तरच पुढे जा. गवत ओलसर असताना रचलं तर गंजी आतून तापते आणि पेटतेसुद्धा, म्हणून गंजी तबेल्याला लागून नको.

आता मूळ अडचणीकडे येतो. घोड्याचं शरीर जवळजवळ दिवसभर चरण्यासाठी घडलंय. मोठ्या घोड्याचंही जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं, घोडा खात असो वा नसो. चावताना सुटणारी लाळ ते आम्ल शमवते. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे सोळा तास तोंड चालवतो. तोच घोडा बांधून ठेवला आणि त्याला सकाळ-संध्याकाळ दोनदा खायला घातलं, तर मधल्या वेळात रिकामं जठर स्वतःलाच जाळायला लागतं. चार ते सहा तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं राहणं हेच अल्सरचं मोठं कारण. पचनाचं मुख्य काम तर पुढेच होतं: आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंकडून. चारा अचानक बदलला की या जिवाणूंची वसाहत ढासळते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं खाणं बाहेर पडायला दुसरी वाट नसते.

म्हणजे घोड्याला सोळा तास चरायला हवं, आणि दोन घोडे सोळा तास दीड एकरावर सोडले तर एका हंगामात तिथे गवताचं पातं शिल्लक राहणार नाही. गाय जिभेने गवत ओढून खाते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्यामुळे तो अगदी बुडाशी कातरतो. एका ठिकाणी तो लीद टाकतो आणि तिथलं गवत खात नाही. म्हणून कुरणात काही पट्टे बोडके होतात तर काही गुडघाभर वाढून रानटी होतात. वर खुरांचा मार आहेच. पुन्हा पुन्हा कातरलेल्या गवताची मुळं आखूड होतात, माती दबते आणि तणं घुसतात. अनेकांना हे ठाऊक नसतं की ताणाखालच्या खुरट्या गवताच्या बुडाशी साखर जास्त साठते. दिसायला कुरण उजाड असतं, तरी घोड्याच्या खुरांना त्याच गवतामुळे धोका असतो. गवत आणि घोडा दोघंही एकाच चुकीपायी आजारी पडतात.

म्हणून माझा सल्ला शीर्षकातलाच आहे. घोड्यांचं राहणं एकीकडे, गवताचं वाढणं दुसरीकडे. घोडे बहुतेक वेळ गवत नसलेल्या, निचऱ्याच्या, कडक तळाच्या आवारात राहतील. तिथे त्यांच्यापुढे चोवीस तास सुकं गवत असेल, आणि गवत तयार झालं की मोजक्या तासांसाठी त्यांना कुरणात सोडायचं.

हे आवार चौकोनी अंगण करण्याऐवजी जमिनीच्या कडेने फिरणारा पट्टा करा. समजा तुमचा तुकडा 75 बाय 80 मीटरचा आहे. बाहेरच्या कुंपणापासून चार मीटर आत दुसरं कुंपण घातलं की सुमारे 1,200 चौरस मीटरचा पट्टा तयार होतो, आणि मध्ये 4,800 चौरस मीटर गवतासाठी मोकळं राहतं. पट्ट्याच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला निवारा, मध्ये तीन-चार ठिकाणी गवताच्या जाळ्या, आणखी एका कोपऱ्यात मीठ. घोडे खाण्यासाठी, पिण्यासाठी आणि सावलीसाठी आपसूक चालत राहतात. चौकोनी आवारात ते एका कोपऱ्यात उभे राहतात. पट्ट्यावर मात्र दिवसभर थोडंथोडं चालणं होतं, खुरांत रक्त खेळतं आणि आतड्यांनाही चालना मिळते. कोपरे गोलसर ठेवा आणि कुठेही बंद टोक ठेवू नका, म्हणजे एक घोडा दुसऱ्याला कोंडीत पकडू शकणार नाही. चार मीटरचा पट्टा दोन समजूतदार घोड्यांना पुरतो. त्यांचं आपसांत जमत नसेल तर निदान पाणी आणि चाऱ्याच्या जागी पट्टा रुंद करा.

पट्ट्याच्या तळावर खर्च करायला कचरू नका. किमान फाटकाजवळ, पाण्याजवळ आणि निवाऱ्यापुढे वरची माती काढा, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, त्यावर खडी आणि वर बारीक मुरूम दाबा. उतार द्या आणि पावसाचं पाणी चरातून बाहेर काढा. निवाऱ्याच्या छपराचं पाणी पन्हळीने टाकीत घ्या. तेच पाणी आवारात पडू दिलंत तर बाकी सगळी मेहनत चिखलात जाईल. सतत चिखलात उभ्या असलेल्या घोड्याच्या खुराच्या तळव्याचा मऊ भाग सडतो, त्यातून काळा, घाण वासाचा स्राव येतो. पायांच्या कातडीवर खपल्या धरतात. चिखलातून वाहून जाणारी माती आणि लिदीतला फॉस्फरस शेवटी कुणाच्या तरी पाण्यात उतरतो.

मधल्या गवताचे पाच तुकडे करा. हलवता येणाऱ्या विजेच्या पट्टीचं कुंपण यासाठी उत्तम. गवत वीतभर वाढल्यावर घोडे आत सोडायचे आणि चार बोटं उरलं की बाहेर काढायचे. आत कधी सोडायचं हे बहुतेकांना पटकन समजतं, बाहेर काढताना मात्र हात आखडतो, कारण घोडे फाटकापाशी उभे राहून आपल्याकडे बघत असतात. तरीही काढा. त्या चार बोटांच्या पानांवरच गवत पुन्हा उभं राहणार आहे. वाढीच्या हंगामात तुकड्याला तीन-चार आठवडे विश्रांती लागते, थंडीत किंवा दुष्काळात याहून पुष्कळ जास्त. जमीन ओली असेल आणि खुराचा खड्डा पडत असेल तर त्या दिवशी चराई बंद. उंच उरलेले रानटी पुंजके कापा.

चरायला सोडण्याची वेळही महत्त्वाची. ऊन असताना गवत साखर तयार करतं आणि रात्री वाढीसाठी खर्च करतं. म्हणून साखर दुपारनंतर सर्वांत जास्त असते आणि पहाटे सर्वांत कमी. स्थूल किंवा खुरांचा त्रास असलेल्या घोड्याला पहाटे सोडून ऊन चढण्याआधी आत घ्या. अपवाद कडाक्याच्या थंडीचा. रात्री पारा पाच अंशांखाली गेला की गवताची वाढ थांबते, साखर खर्च होत नाही, आणि पुढच्या सकाळचं स्वच्छ ऊन तिच्यात भर घालतं. अशा सकाळी ते गवत टाळा.

साखरेवर एवढं बोलतोय ते लॅमिनायटिसमुळे. खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी खुराच्या भिंतीला धरून ठेवलेलं असतं, ते पापुद्रे या आजारात सुजतात आणि सुटू लागतात. लहान जमिनीवरच्या, काम कमी असलेल्या घोड्यांमध्ये याचं मूळ बहुधा लठ्ठपणात आणि बिघडलेल्या इन्सुलिनमध्ये असतं. माझ्या अनुभवात हौसेने पाळलेले घोडे उपासमारीपेक्षा अति खाण्याने जास्त भोगतात, म्हणून हात लावून तपासायची सवय करा. बरगड्यांवरून तळहात फिरवा. बरगड्या डोळ्याला दिसू नयेत, पण न दाबता हाताला लागाव्यात. मानेवरची आयाळीची कड धरून हलवा. ती ताठ आणि जाड लागली तर चारा मोजायची वेळ आली. शरीरस्थितीची एक ते नऊ गुणांची जी मोजपट्टी संशोधक हेन्नेके यांनी 1983 मध्ये मांडली, तिच्यावर पाचाच्या आसपास राहा.

वजनासाठी काटा लागत नाही. पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलोमध्ये वजन मिळतं. घेर 175 आणि लांबी 155 असेल तर उत्तर जवळजवळ 400 येतं. महिन्यातून एकदा वहीत लिहा. डोळा रोज बघत असतो, म्हणून हळूहळू चढलेली चरबी त्याला दिसत नाही.

आणखी एक तपासणी रोज खरारा करताना करायची. खुराच्या वर, मुडप्याच्या (खुरावरच्या सांध्याच्या) मागच्या बाजूला दोन्ही कडांना बोटं ठेवा. निरोगी घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते, अगदी पुसट लागते. ती बोटाखाली ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल, तर घोडा लंगडायची वाट बघू नका, पशुवैद्याला बोलवा. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे झोकून उभा राहिलेला घोडा दुखतंय असंच सांगत असतो.

चारा संपू द्यायचा नाही आणि वजनही वाढू द्यायचं नाही, हे दोन्ही साधण्यासाठी बारीक छिद्रांच्या जाळ्या वापरा. तीन-चार सेंटिमीटरचं छिद्र असेल तर घोडा एकेक काडी ओढत बसतो आणि तेच दहा किलो गवत दुप्पट वेळ पुरतं. पायात नाल असेल तर जाळी खाली लोंबू देऊ नका, नाल अडकतो. दोन घोड्यांसाठी गवताच्या तीन जागा ठेवा आणि त्याही लांब लांब, म्हणजे दबणारा घोडा हाकलला गेला तरी उपाशी राहत नाही. उघड्या रेताड जमिनीवर गवत टाकू नका. गवताबरोबर रेती पोटात जाते आणि आतड्यात साठते. शंका असेल तर थोडी लीद काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवा. रेती असेल तर तळाशी बसलेली दिसेल.

चंदीबद्दल थोडक्यात. हलकं काम करणाऱ्या बहुतेक घोड्यांना दाण्याची गरजच नसते. चांगलं गवत, मीठ आणि गवतात कमी पडणारी खनिजं पुरतात. मीठ दिवसाला सुमारे तीस ग्रॅम, घामाच्या दिवसांत जास्त. पाणी 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणि दुभत्या घोडीला याहून अधिक. गव्हाच्या कोंड्याचा मात्र मोह टाळा. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. नेपियर, सेटारिया, किकुयू यांसारख्या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झॅलेट असतं आणि ते कॅल्शियम अडवून ठेवतं. गायी-म्हशींना ही गवतं चालतात, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू ऑक्झॅलेट बऱ्यापैकी मोडतात. घोड्याला मात्र महिनोन्‌महिने तेच घातलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, जबड्याची हाडं सुजतात आणि घोडा अधूनमधून लंगडतो. कॅल्शियमचं प्रमाण फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये, जास्त असलेलं बरं. चारा कोणताही असो, बदल दहा ते चौदा दिवसांत, थोडाथोडा मिसळत करा.

तुमच्याकडे शेळ्या-कोंबड्या आहेत म्हणून दोन इशारे ठळकपणे देतो. पहिला मोनेन्सिनचा. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यांत हे औषध मिसळलेलं असतं. त्यांना ते चालतं, घोड्याच्या मात्र हृदयाचे स्नायू ते मारतं आणि अगदी थोड्या मात्रेतही जीव घेतं. त्यावर उतारा नाही. कोंबड्यांचं खाद्य झाकणबंद, कुलपाआड ठेवा. घोड्याच्या बादलीत दुसऱ्या जनावराचं खाद्य कधीही नको, तळाला उरलेलंसुद्धा नको. दुसरा इशारा गोचिडांच्या फवारणीचा. गुरांवर वापरतात ते अमिट्राझ घोड्यावर मारलं तर आतड्यांची हालचाल थांबून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. कुंपणाला कण्हेर, घाणेरी किंवा एरंड असेल तर घोडे येण्याआधी मुळासकट काढा. कण्हेरीची वाळलेली पानंसुद्धा विषारी असतात. कापलेली छाटणी गवताच्या ढिगात मिसळली गेली की मग ओळखूही येत नाही.

कुंपणाला काटेरी तार अजिबात नको. गायीचं कातडं जाड असतं आणि ती थांबते. घोडा बिचकला की आधी पळतो आणि तारेत अडकल्यावरही जोर लावत राहतो. रुंद, पांढरी पट्टी त्याला लांबून दिसते.

सोबतीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माणसं इथेच तडजोड करतात. घोडा कळपातलं जनावर आहे. त्याला स्वतःच्या जातीची सोबत लागते. शेळी ही काहीच नसण्यापेक्षा बरी, पण ती घोड्याची मान खाजवत नाही, त्याच्या अंगावरच्या माश्या शेपटीने उडवत नाही आणि तो झोपल्यावर पहारा देत नाही. पहाऱ्याचा मुद्दा हलका घेऊ नका. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसाकाठी अर्धा तास तरी. एकट्या, धास्तावलेल्या किंवा कोरडी जागा नसलेल्या घोड्याला ती झोप मिळत नाही. मग तो उभ्याउभ्या गुडघ्यांत मोडून पडतो आणि मुडप्यांवर जखमा दिसतात. लोकांना ती आकडी वाटते. तासन्‌तास कोंडलेला घोडा जागेवर डोलायला लागतो किंवा लाकूड दातात धरून हवा गिळायला लागतो. या खोडी म्हणून हिणवल्या जातात, पण ती त्या राहणीची फळं आहेत. गळ्याला पट्टा आवळून खोड बंद करणं हा अन्यायावर दुसरा अन्याय.

दोनच घोडे असण्यातही पेच आहे. एकाला रपेटीला नेलं की मागे उरलेला खिंकाळत, घामाघूम होत कुंपणाकडेने पळतो. तीन घोडे असते तर हा प्रश्न सुटला असता, पण तुमच्या दीड एकराला तिसऱ्याचं ओझं झेपणार नाही, असंच माझं मत आहे. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून छोट्या छोट्या ताटातुटीची सवय लावा. आधी एकाला नजरेच्या टप्प्यात दहा पावलं दूर न्यायचं, मागच्याला गवत द्यायचं, तो शांत असतानाच परत आणायचं. अंतर आठवड्यांच्या गतीने वाढवायचं. आणि दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याचं काय, हे आत्ताच ठरवा. तेव्हा नवा सोबती आणणार की उरलेल्याला चांगल्या कळपात पाठवणार? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर अजून थांबा.

आता खत. दोन घोड्यांची लीद, मूत आणि थोडं अंथरूण मिळून दिवसाला 35 ते 40 किलो माल निघतो, म्हणजे वर्षाला तेरा-चौदा टन. तुमच्या भाजीपाल्याला इतकं लागणार नाही. घेणारा शेजारी आधी शोधा, नाहीतर उकिरडा वाढत जाईल आणि त्याचं पाणी विहिरीत उतरेल. ढीग विहिरीपासून आणि ओढ्यापासून किमान तीस मीटर लांब, पक्क्या किंवा दाबलेल्या तळावर आणि छपराखाली करा.

ढीग दीड मीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच असला की आतून तापतो. 55 ते 65 अंश उष्णता काही दिवस टिकायला हवी, तेव्हाच जंतांची अंडी आणि तणांचं बी मरतं. कडेचा माल आत आणि आतला बाहेर, असं पालटत राहा, कारण कड तापत नाही. मूठभर माल पिळला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुकं मिसळा, हात कोरडा राहिला तर पाणी मारा. लाकडाचा भुसा अंथरूण म्हणून जास्त वापरलात तर ढीग तापत नाही आणि तसं अर्धकच्चं खत मातीतला नत्र ओढून घेतं. भाजी पिवळी पडते आणि दोष मात्र लिदीला मिळतो.

विकतच्या गवतामुळे आणखी एक गोष्ट खतात येते. कुरणातली रुंद पानांची तणं मारायला वापरली जाणारी अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिडसारखी तणनाशकं घोड्याच्या पोटातून न मोडता बाहेर पडतात आणि कुजलेल्या खतातही टिकून राहतात. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची पानं मग चमच्यासारखी वळतात आणि झाड खुंटतं. गवत घेताना काय फवारलं होतं, ते स्पष्ट विचारा. आणि खत भाजीत घालण्याआधी कुंड्यांत थोड्या मातीबरोबर मिसळून घेवड्याचे दाणे लावून बघा. तीन-चार आठवड्यांत पानं सरळ राहिली तर खत वापरा.

जंतांचा प्रश्नही लिदीशीच जोडलेला आहे. ठरावीक महिन्यांनी सरसकट जंतनाशक पाजायची जुनी पद्धत आता सोडायला हवी. तिच्यामुळे जंत औषधांना दाद देईनासे झालेत. कळपातली अंडी सारखी वाटलेली नसतात. साधारण वीस टक्के घोडे ऐंशी टक्के अंडी टाकतात. लिदीतली अंडी मोजून घ्या आणि ज्याला गरज आहे त्यालाच, वजनाच्या हिशेबाने औषध द्या. काही जंतांची पिल्लं आतड्याच्या अस्तरात दडून बसतात आणि मोजणीत दिसत नाहीत, म्हणून वर्षाचं वेळापत्रक पशुवैद्याबरोबर ठरवा. खरी राखण फावड्याने होते. चराईच्या तुकड्यातून आठवड्याला किमान दोनदा लीद उचला. अळ्या लिदीतून गवतावर चढण्याआधी ती ढिगात जाते. ताजी लीद चराईच्या जमिनीवर पसरू नका. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिल्यावर काही दिवस घोडे पट्ट्यावरच ठेवा आणि ती लीद थेट ढिगात टाका, कारण लिदीत उतरलेलं हे औषध शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, आणि तुमच्या कुरणात लीद मातीत नेणारे मजूर तेच आहेत. तुमच्या शेळ्या इथे कामाला येतात. घोड्यांच्या मागून त्याच तुकड्यात सोडल्या तर घोड्यांनी नाकारलेलं त्या खातात, आणि घोड्यांच्या बहुतेक जंतांची वाढ शेळीच्या पोटात होत नाही. कोंबड्यांना मात्र गवताच्या कोठारात शिरू देऊ नका.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, लसी वेळच्या वेळी, आणि त्यात धनुर्वात कधीच चुकवू नका. दातांची अवस्था लिदीवरून कळते: गोळा फोडला आणि लांब लांब काड्या तशाच दिसल्या तर चावणं नीट होत नाहीये. शांत उभ्या घोड्याचं तापमान, नाडी, श्वास निरोगी असतानाच मोजून लिहून ठेवा. नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16, तापमान 37 ते 38.5 अंश. पोटशूळाच्या रात्री फोनवर हे आकडे सांगता आले तर पशुवैद्याचा वेळ वाचतो.

कामाला लावणं अन्यायाचं आहे का, असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. बेताचं, समजेल असं शिकवलेलं काम घोड्याला मानवतं. प्रश्न वजनाचा, वयाचा आणि वेदनेचा असतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, घोडा म्हातारा किंवा सराव सुटलेला असेल तर पंधराच्या आत. तुमच्या 400 किलोच्या घोड्यावर 80 किलोच्या वर काही नको, आणि त्यात खोगिरही आलं. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, म्हणून दोन-तीन वर्षांच्या शिंगरावर स्वार बसवलेला बघितला की मला राग येतो. ओढकामात घोडा वजनाच्या दहा टक्के जोर काही तास सलग लावू शकतो. कोळपणीला, गवताची गाडी ओढायला, खत वाहायला तेवढं पुरतं. खांद्यावर नीट बसणारं जुंपण हवं, बैलाचं जू घोड्याला लावू नका. शिकवताना दाब दिलात तर प्रतिसादाच्या क्षणीच तो सोडा. घोडा सुटकेतून शिकतो, शिक्षेतून भीतीच शिकतो. कान मागे, डोळ्यावर ताणलेली सुरकुती, आवळलेल्या नाकपुड्या आणि जबडा दिसला की आधी दुखणं शोधा. बऱ्याच ‘हट्टी’ घोड्यांच्या पाठीत, तोंडात किंवा पोटात काहीतरी दुखत असतं.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. ही तुमच्या स्वतःच्या वयाशी ताडून बघायची गोष्ट आहे. तुम्ही आजारी पडलात तर त्यांना कोण बघणार, हे लेखी ठेवा. शिंगरू जन्माला घालू नका. दीड एकरात तिसऱ्याला जागा नाही, आणि घर शोधणारे घोडे आधीच पुष्कळ आहेत. आणि शेवट वेदनेत लांबवू नका. पण पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवा, कारण पेन्टोबार्बिटलच्या इंजेक्शनने मारलेल्या घोड्याचं कलेवर विषारी असतं. ते उघड्यावर राहिलं तर गिधाडं, कोल्हे, कुत्री खाऊन मरतात, आणि कुजवलं तरी औषध दीर्घकाळ टिकून राहतं. खोल पुरायची परवानगी आहे का, वाहून न्यायची सोय आहे का, पर्यायी पद्धत कोणती, हे शांत दिवशी विचारायचे प्रश्न आहेत.

हे सगळं करायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा. आधी एक पूर्ण ओला हंगाम जमिनीवर पाणी कुठे साचतं ते बघा आणि त्याप्रमाणे पट्टा आखा. मग कुंपण, तळ, पाणी आणि निवारा. निवारा तीन बाजूंनी बंद, वाऱ्याकडे पाठ आणि ये-जा करायला दोन वाटा असलेला. मग सहा महिन्यांचं गवत कोरडं रचून ठेवा. घोडे त्यानंतर. पहिल्या खेपेला शिंगरू किंवा तापट तरणा घोडा घेऊ नका. दहा ते पंधरा वर्षांचे, माणसाळलेले, खच्ची केलेले दोन घोडे शोधा, आणि खरेदीआधी त्यांना तुमच्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. आधीपासून एकत्र राहिलेली जोडी कुठे मिळत असेल, तर थोडी वाट बघावी लागली तरी तीच आणा. येताना त्यांच्या जुन्या जागचं पंधरा दिवसांचं गवतही मागून घ्या, म्हणजे नवा चारा त्यात हळूहळू मिसळता येईल.